वस्तरा आणि विवेक

केशवपनाच्या जुन्या रूढीत विधवेच्या डोक्यावर वस्तरा फिरवणाऱ्या न्हाव्याला दोष लागतो का? तो सांगितलेले काम करत असे, धर्माचा निर्णय घरचे आणि शास्त्री करत, असा बचाव करता येतो. तो टिकत नाही. संत सेना न्हावी यांनी हाच व्यवसाय करता करता विठ्ठलभक्ती केली, असे वारकरी परंपरा मानते. हातातल्या कामातून भक्ती घडत असेल, तर त्याच हातून घडलेला अन्यायही करणाऱ्याचाच ठरतो. वस्तऱ्याचा नव्हे, केवळ सांगणाऱ्याचाही नव्हे. ही जबाबदारी काही न्हाव्यांनी स्वतःच घेतली. 1890 मध्ये मुंबईत कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांची सभा भरली. ज्यांचे पोट वस्तऱ्यावर, त्यांनीच विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार केला.