राजीखुशीचा सौदा

एक साधा सवाल घेऊन बसलोय. दोघंही राजी असले की सौदा न्यायाचा होतो का?

मी सूतगिरणीत तीन पाळ्यांत फिरणारा माणूस. शाळा आठवीत सुटली. माझा मामा गडचिरोलीकडं राहतो, आठवडी बाजारात एका व्यापाऱ्याचा तराजू धरतो. चैत्रात रजा काढून गेलो आणि दिवसभर त्याच्या पोत्यांशेजारी बसलो.

मोहफूल पहाटे गळतं. मार्च-एप्रिलचे थोडेच दिवस. बायापोरं अंधारात झाडाखाली जातात, वेचतात, अंगणात वाळवतात. एक गोंड म्हातारी टोपली घेऊन आली. मामानं मूठ दाबून बघितली, "ओल हाय" म्हणाला, वजनात घट धरली. म्हातारीनं भाव विचारलाच नाही. मिळालं त्यात मीठ, तेल, मिरची घेऊन तिला दिवस मावळायच्या आत गाव गाठायचं होतं. व्यापाऱ्याला कसली घाई? त्याच्याकडं गोदाम आहे. पावसाळ्यात भाव चढला की हेच फूल तो तिलाच जास्तीनं विकणार.

कायद्यानंही त्याचंच फावलं. १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्याखाली मोहफुलांच्या साठ्यावर, वाहतुकीवर बंधनं होती. जे फूल ती खाते, तेच घरात जास्त ठेवलं तर गुन्हा! राज्य सरकारनं ती बंधनं उठवली २०२१ मध्ये. २००६च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपजाची मालकी जंगलात राहणाऱ्यांची मानली. कागदावर म्हातारी मालकीण झाली. पण मालकिणीकडं गोदाम नाही, तराजू नाही, चार महिने थांबायची ताकद नाही.

रात्री मामाला टोकलं. तो म्हणाला, "ते बाई आपल्या राजीखुशीनं देते नं बाबू! मी काय तिचा हात धरला का?"

मी गप झालो. मीसुद्धा राजीखुशीनंच गिरणीत गेलो होतो. उचल घेतली, सही केली. माझाही हात कुणी धरला नव्हता. घरात पीठ नव्हतं, एवढंच.

तेव्हा 'राजी' हा शब्दच आपण तपासला पाहिजे. ज्याला 'नाही' म्हणायची सोय आहे, त्याच्याच 'हो'ला किंमत. त्याच जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावानं २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने स्वतः द्यायचा हक्क मिळवला. तिथं विकणारी ग्रामसभा असते. एकटी म्हातारी उपाशी परत जाऊ शकत नाही. गाव मात्र व्यापाऱ्याला परत पाठवू शकतं.

आणि एक गोष्ट आपल्यातली, म्हणून आपल्यातच बोलतो. आपल्या आज्यापणज्यांचं माप दुसऱ्यांनी मारलं. आता तराजूची दांडी आपल्या माणसाच्या हातात आली, तर ती झुकते कुणाकडं?

निघताना म्हटलं, "मामा, पुढच्या चैत्रात गावासाठी तराजू धरा."

तो काही बोलला नाही. व्यापाऱ्याची उचल त्याच्याही डोक्यावर आहे.