नीटचा मुहूर्त

दहावीचा निकाल अजून लागायचा असतो, काही घरांत तर मूल सातवीतच असते, आणि एक प्रश्न घरात ठाण मांडून बसतो : मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेचा, म्हणजे नीटचा, क्लास कधी लावायचा? याचे उत्तर द्यायला आपल्या गावोगावी दोन अधिकारी पुरुष बसलेले आहेत. एक पंचांग उघडतो, दुसरा माहितीपत्रक. पहिला गुरुपुष्य योग कधी आहे ते सांगतो, दुसरा ‘जागा भरत आल्यात’ म्हणून सांगतो. दक्षिणा दोघेही आगाऊ घेतात. आणि पुढे निकाल मनासारखा लागला नाही, तर दोष दोघांपैकी कुणाचाच नसतो. तो मुलाच्या ग्रहांचा असतो किंवा मुलाच्या आळसाचा.

पहिल्यासाठी फार शाई खर्च करायची गरज नाही. असल्या समजुतींवर कोरडे ओढणारे आगरकरांचे ‘सुधारक’ पत्र १८८८ साली निघाले; त्यालाही आता सव्वाशे वर्षे उलटून गेली. एखादे औषध लागू पडते की नाही हे शेकडो रुग्णांवर तपासून, आकडे मांडून ठरवणाऱ्या विद्येच्या दारात पोरगा उभा करायचा, आणि त्याने त्या दारात पाऊल कधी टाकावे हे पुष्य नक्षत्राला विचारायचे, यातली विसंगती सुशिक्षित माणसाला समजावून सांगावी लागत असेल, तर समजावूनही उपयोग नाही. क्लासवाल्यांना ती बरोबर समजते. म्हणूनच पाडव्याला आणि अक्षय्य तृतीयेला फीमध्ये सवलत असते.

माझे भांडण दुसऱ्या उत्तराशी आहे, कारण ते विज्ञानाचा कोट घालून येते. ‘जितक्या लवकर, तितके बरे.’ मुहूर्ताला हसणारी माणसे हे वाक्य निमूटपणे मान्य करतात आणि आठवीतल्या मुलाला ‘फाउंडेशन’च्या बॅचमध्ये नेऊन बसवतात. याला पुरावा काय, असे विचारा. शेजारच्या वकिलांचा मुलगा आठवीपासून क्लासला होता आणि त्याला मेडिकल मिळाले, असे उत्तर येते. त्याच बाकावर बसलेल्या आणि मेडिकल न मिळालेल्या मुलांचे काय झाले, हे कुणी सांगत नाही. फ्लेक्सवर त्यांचे फोटो नसतात. नवस फेडायला देवळात येणाऱ्यांवरूनच देव नवसाला पावतो हे सिद्ध करायचे, ते हेच.

आता थोडा हिशेब करू. २०२४ साली या परीक्षेसाठी २४ लाखांच्या वर विद्यार्थ्यांनी नाव नोंदवले. देशातल्या एमबीबीएसच्या जागा गेल्या काही वर्षांत वाढून सव्वा लाखाच्या आसपास पोचल्या आहेत. परवडणाऱ्या फीच्या सरकारी जागा त्यांतल्या साधारण निम्म्याच. म्हणजे ही परीक्षा गुणांची नाही, क्रमांकाची आहे. २०२४च्या पहिल्या निकालात ७२० पैकी ७२० मिळवणारे ६७ जण होते; पुढच्या वर्षी पेपर अवघड निघाला आणि देशात पहिल्या आलेल्याला ६८६ मिळाले. गुण घसरले म्हणून जागा घटल्या नाहीत, डॉक्टर व्हायचे तितके झालेच. मग सगळ्यांनीच दोन-तीन वर्षे आधी सुरुवात केली तर काय होईल? एसटी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल टाकायचा. समोरच्याने रुमाल टाकला की आपण पिशवी टाकायची. मग कुणीतरी पोरालाच उचलून आत टाकायचे. गाडीतली आसने तेवढीच राहतात आणि गाडी सुटायची वेळही बदलत नाही. ‘सगळेच करतात, मग आम्ही मागे का राहू?’ असे विचारणाऱ्याला एवढेच सांगता येईल, की सगळेच करतात म्हणूनच त्यातून कुणालाही काही मिळत नाही. मिळते ते फक्त खिडकीपाशी उभे राहून रुमाल विकणाऱ्याला.

पण पाया तर पक्का होतो ना? हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. म्हणूनच ओळखीच्या एका घरात आठवीतल्या मुलाची फाउंडेशनची वही मागून घेतली आणि चाळली. अक्षर सुरेख, महत्त्वाच्या ओळी हिरव्या हायलायटरने रंगवलेल्या. एका पानावर प्रक्षेप्याच्या पल्ल्याचे सूत्र चौकटीत होते आणि त्याखाली नोंद : ‘४५ अंशाला पल्ला सर्वांत जास्त, ३० आणि ६० अंशांना सारखाच.’ विधान शंभर टक्के बरोबर आहे. मी विचारले, सारखाच का? मुलगा गोंधळला नाही. शांतपणे म्हणाला, ‘सर म्हणाले, हे असंच लक्षात ठेवायचं.’ त्याचे काही चुकले नाही. ते ‘का’ समजायला साइन म्हणजे काय हे ठाऊक असावे लागते, आणि ती ओळख शाळेत व्हायला त्याला अजून वर्ष-दोन वर्षे अवकाश आहे. सरांनाही इलाज नाही. तेराव्या वर्षी अकरावीचे भौतिकशास्त्र शिकवायचे, तर ते घोकूनच घ्यावे लागणार.

‘सर म्हणाले’ हे प्रमाण मानायला शिकवणे म्हणजे पाया घालणे नव्हे. शब्दप्रामाण्य म्हणतात ते हेच. फक्त पोथी इंग्रजीत आहे आणि तिच्यावर क्लासचा छाप आहे. आठवीतल्या मुलाचा खरा पाया कशाने पक्का होतो? अपूर्णांक आणि गुणोत्तर न अडखळता करता येणे, चार पाने एका बैठकीत वाचून त्यातले म्हणणे आपल्या शब्दांत सांगता येणे, वाटाणा ओल्या कापडात ठेवून त्याला मोड कुठून फुटतो हे स्वतःच्या डोळ्यांनी बघणे. याची फी कुणी दोन लाख देणार नाही, म्हणून याची जाहिरातही होत नाही.

केंद्र सरकारच्या शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४मध्ये क्लासचालकांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यामागे वाढत्या विद्यार्थी-आत्महत्यांची पार्श्वभूमी होती. सोळा वर्षांखालील मुलांना प्रवेश देऊ नये, दहावीची परीक्षा झाल्यावरच नोंदणी करावी, दिवसाला पाच तासांहून जास्त शिकवू नये, निकालाची हमी देऊ नये, शाळा-कॉलेजच्या वेळेत वर्ग घेऊ नयेत, असे त्यांत स्वच्छ लिहिले आहे. सूचना म्हणजे कायदा नव्हे. त्या अमलात आणायच्या राज्यांनी. आणि कोपऱ्याकोपऱ्यावरच्या फ्लेक्सवर आजही आठवीपासूनच्या बॅचेस झळकतात. सरकारला शिव्या देणे सोपे आहे. पण त्या बॅचमध्ये मुलाचा हात धरून सरकार जात नाही, आपण जातो.

याहून मला अधिक खुपते ते अकरावी-बारावीचे नाटक. नीटमधून मेडिकलला प्रवेश घ्यायचा तर बारावीला भौतिक, रसायन, जीव (प्रात्यक्षिकांसह) आणि इंग्रजी या विषयांत उत्तीर्ण व्हावे लागते. म्हणून कुठल्यातरी कॉलेजात नाव घालायचे आणि दिवसभर क्लासमध्ये बसायचे. हजेरीपटावर मुलगा रोज हजर. वर्षाच्या शेवटी प्रात्यक्षिकांच्या जर्नलमध्ये लंबकाची वीस आंदोलने मोजल्याची वाचने भरलेली असतात, गुरुत्व त्वरणाचे उत्तर ९.८ला चिकटून आलेले असते, आणि मुलाने तो लंबक कधी हलवलेला नसतो. जर्नल कुणीतरी उतरवून दिलेले, त्यावर सही, शिक्का, गुण. आईवडिलांना हे माहीत असते, प्राचार्यांना माहीत असते, क्लासचालकाने तर ते जुळवूनच दिलेले असते. ‘सोय’ या गोंडस नावाखाली सतराव्या वर्षी त्या मुलाला शिकवले जाते, की न पाहिलेले पाहिले म्हणून लिहावे आणि त्यावर मोठ्यांनी सही करावी. पुढे हाच मुलगा न तपासलेल्या माणसाला वैद्यकीय दाखला देईल, तेव्हा आपण वैद्यकीय क्षेत्र किती बिघडले यावर अग्रलेख वाचू.

एक आक्षेप मात्र टाळून पुढे जाता येणार नाही. तो शहरातल्या सुखवस्तू पालकाचा नाही. क्लाससाठी लातूरला दोन खोल्या भाड्याने घेऊन मुलाला डबा करून घालणाऱ्या आईचा आहे. ती म्हणेल, ‘तुमचं सगळं खरं, पण आमच्या तालुक्याच्या कॉलेजात भौतिकशास्त्राला मास्तरच नाही. क्लास नाही लावला तर पोरानं शिकायचं कुठं?’ तिचे म्हणणे खरे आहे, आणि शिक्षक न नेमणाऱ्या व्यवस्थेची लाज तिने वाहायचे कारण नाही. तिने क्लास जरूर लावावा. पण ‘लवकर’चा सर्वांत मोठा भुर्दंड तिच्याच माथी बसतो. स्पर्धा दोन वर्षांची असते तोवर एक एकर विकून भागते. ती पाच वर्षांची झाली की शर्यतीत धनिकच उरतात. तामिळनाडूने नेमलेल्या न्या. ए. के. राजन समितीने २०२१मध्ये अहवाल दिला. त्यानुसार, त्या राज्यात नीट लागू होण्याआधी, पुन्हा परीक्षा देऊन प्रवेश मिळवणारे साधारण आठांत एक होते. चार-पाच वर्षांत ते दहांत सातच्या घरात गेले. ग्रामीण आणि तमिळ माध्यमाच्या मुलांचा वाटा त्याच काळात घटला. नीट असावी की नसावी हा वाद वेगळा, आणि त्यावर तामिळनाडूचे सगळेच मला पटते असे नाही. पण तयारीची वर्षे वाढली की गरीब मूल गळते, एवढे त्यातून कुणालाही दिसावे.

मग कधी लावावा? परीक्षेचा अभ्यासक्रम अकरावी-बारावीचा आहे. १८० प्रश्न, १८० मिनिटे; निम्मे प्रश्न जीवशास्त्राचे, आणि तयारीचा मुख्य आधार एनसीईआरटीची पुस्तके, जी संकेतस्थळावर फुकट मिळतात. दहावीच्या परीक्षेपासून बारावीनंतरच्या मे महिन्यातल्या नीटपर्यंत दोन वर्षांहून थोडा जास्तच वेळ हातात असतो. सर्वसाधारण बुद्धीच्या, नियमित अभ्यास करणाऱ्या मुलाला तो पुरतो. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाने दहावीनंतरची सुट्टी इंग्रजी पाठ्यपुस्तक वाचायची सवय लावून घेण्यात घालवावी. पहिल्या सहामाहीत मुले अडखळतात ती बहुधा विषयाला नव्हे, भाषेला. क्लास अकरावीबरोबर सुरू करावा, कॉलेजच्या वेळा सांभाळणारा निवडावा, आणि वर्षभराने काय कळले हे मुलालाच विचारावे. बारावीचा शेवटचा पेपर आणि नीट यांच्यात जेमतेम सहा-सात आठवडे असतात. त्यात ‘संपूर्ण अभ्यासक्रम’ शिकवून देतो म्हणणारा फसवतो आहे. दुपारी दोन ते पाच, खऱ्या परीक्षेच्याच वेळेला, उन्हाच्या काहिलीत सराव पेपर सोडवून घेणारा मात्र कामाचे काही देतो. चुकीच्या उत्तराला एक गुण कापला जातो. कुठला प्रश्न सोडून द्यायचा हे अशा सरावातच कळते.

राहिला प्रश्न पुन्हा बसण्याचा. वयाची वरची मर्यादा २०२२मध्ये उठली आणि किती वेळा परीक्षा द्यावी याला बंधन नाही. नियमाने मर्यादा घातली नाही म्हणजे ती घरानेही घालायची नाही, असा अर्थ पुष्कळांनी काढला आहे. पहिल्या वेळी आजारपण आले, थोडक्यात हुकले, एका विषयात कच्चेपणा राहिला आणि तो कुठला ते ठाऊक आहे, तर एक वर्ष द्यावे. तिसऱ्या-चौथ्या वर्षी मूल खोलीत कोंडून बसलेले असते ते बहुधा स्वतःच्या ओढीने नव्हे, तर आजवर ओतलेला पैसा वाया गेला हे कबूल करायला घर तयार नसते म्हणून.

आणि हे जादा वर्ष घरात कुणाच्या वाट्याला येते, तेही पाहावे. नीटला बसणाऱ्यांत मुलींची संख्या मुलांपेक्षा जास्त आहे. तरीही थोडक्यात हुकलेला मुलगा ‘एक चान्स अजून’ म्हणून क्लासेसच्या गावाला, कोटा शहराला जाणाऱ्या गाडीत बसतो, आणि तेवढ्याच गुणांवर हुकलेल्या त्याच्या बहिणीला ‘वय वाढतं, मिळतंय ते घे’ असे सांगून ऑगस्टमध्ये बीएस्सीला घातले जाते. भावाला आठवीपासून क्लास लावणारे तेच वडील असतात. त्यांच्याकडे पैसा होता, वेळही होता. तो मुलीसाठी संपला कधी, हे त्यांनी तिच्यासमोर बसून तिला सांगावे.