कुलूपबंद मॅप

'वॉरक्राफ्ट 3' हा खेळ ब्लिझार्ड कंपनीने 2002 साली आणला, तेव्हा त्यासोबतच 'वर्ल्ड एडिटर' नावाचं एक साधनही दिलं. त्यात जमीन उंचसखल करता येई, झाडं लावता येत, पाणी सोडता येई आणि 'ट्रिगर' लिहून नियम ठरवता येत. अमुक सैनिक या रेषेपलीकडे गेला की दरवाजा पडायचा, तमुक सरदार मेला की डाव संपायचा. विकत घेतलेल्या खेळाच्या पोटात आपला स्वतःचा खेळ वसवायची ही सोय होती. जगभरच्या पोरांनी ती अशी काही वापरली की कित्येकजण मूळ खेळ बाजूला ठेवून लोकांनी केलेले मॅपच खेळत राहिले. त्यांतला सर्वात गाजलेला मॅप म्हणजे 'डोटा'. आमच्या इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलमध्ये रात्रीचं जेवण झालं की लॅनवर तोच चाले. नवी आवृत्ती आली की एकाच्या पेन ड्राइव्हवरून ती सगळ्या विंगमध्ये पोचे.

मी कोल्हापूरचा. एडिटर हाती आल्यावर मी पन्हाळा केला, यात नवल नाही. 1660 चा वेढा, एका बाजूला सिद्दी जौहरची छावणी, दुसऱ्या बाजूला गड, तीन दरवाजा, वाघ दरवाजा, अंबरखाना आणि राजदिंडीची वाट. पावसाळी रात्र पडली की वेढा घालणाऱ्यांची नजर कमी पल्ल्याची व्हायची आणि गडावरच्यांना निसटायला तेवढाच वेळ मिळायचा. ऐकायला हे सोपं वाटतं. करताना रात्र किती वेळाची ठेवायची यावरच महिने जातात. थोडी लांबली तर गडावरचे हमखास निसटतात, थोडी आखूड झाली तर एकजणही वाचत नाही. सोनं मिळायचा वेग, दरवाज्यांची ताकद, धान्य संपायची वेळ, सगळं एकमेकांत अडकलेलं असतं. एक आकडा हलवला की चार जागी तोल जातो. मॅप करणाऱ्याची खरी मेहनत या आकड्यांत असते आणि ती बाहेरून कुणाला दिसत नाही.

म्हणूनच ती मोडायलाही फार सोपी असते. पन्हाळा आमच्या हॉस्टेलमधून दुसऱ्या हॉस्टेलांत गेला. तिथे कुणीतरी तो एडिटरमध्ये उघडून एक ट्रिगर घातला. ठरावीक अक्षरं चॅटमध्ये टाइप केली की टाइप करणाऱ्याच्या खजिन्यात हवं तितकं सोनं. फाइलचं नाव तेच, लोडिंग स्क्रीनवर माझं नाव तेच. एका ज्युनियरने मला गाठून सांगितलं, "दादा, तुझ्या पन्हाळ्यात चीट आहे म्हणे. आमच्याकडं आता कुणी खेळत नाही तो." कुणी मॅप नेला, याचं मला वाईट वाटलं नव्हतं, उलट आनंदच होता. पण जे मी केलंच नाही त्याचा दोष माझ्या नावावर जमा झाला होता. ते लागलं, आणि आजही आठवलं की लागतं.

तेव्हा मी पन्हाळ्याला कुलूप लावलं. मॅप करणारे याला 'प्रोटेक्ट करणं' म्हणतात. त्याची रीत समजून घेण्यासारखी आहे. मॅपची एक फाइल म्हणजे प्रत्यक्षात अनेक फाइलींचं गाठोडं असतं. जमीन एका फाइलीत, झाडं दुसरीत, सैन्य तिसरीत. नियम मात्र दोन रूपांत असतात. एक रूप एडिटरला वाचता यावं म्हणून, नावं-शीर्षकांसह नीट मांडलेलं. दुसरं रूप खेळाला चालवता यावं म्हणून, जास नावाच्या भाषेत उतरवलेलं. खेळाला फक्त दुसरं लागतं. मग पहिलं काढून टाकायचं. मॅप पूर्वीसारखा चालतो, पण एडिटर तो उघडायला गेला की अडखळतो. पुढची पायरी म्हणजे उरलेल्या जास कोडमधली सगळी नावं पुसून त्यांच्या जागी निरर्थक अक्षरं घालायची. 'राजदिंडी_उघड' असं नाव होतं तिथे नुसतं 'आब' उरतं. गाठोड्यातल्या फाइलींची यादीही काढून टाकायची. व्हेक्सोरियन या टोपणनावाच्या मॅपकर्त्याने केलेलं 'ऑप्टिमायझर' नावाचं साधन ही बरीचशी कामं एका दमात करी. त्यात फाइल लहानही होई, आणि ऑनलाइन खेळायच्या मॅपला 4 एमबीची मर्यादा होती त्या काळात तो मोठाच फायदा होता.

पण हे कुलूप पक्कं नसतं, पक्कं होऊही शकत नाही. खेळणाऱ्याच्या संगणकावर मॅप चालायचा तर खेळाला तो वाचता आलाच पाहिजे. आणि जे खेळ वाचू शकतो ते चिकाटीचा माणूसही वाचू शकतो. काढून टाकलेली यादी पुन्हा तयार करता येते, कारण खेळ कोणत्या नावाच्या फाइली मागतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. पुसलेली नावं परत येत नाहीत, पण नियम उलगडतात. चीट घालणाऱ्याला तर मॅप समजून घ्यायचीही गरज नसते. आपला तुकडा कोडमध्ये कुठेतरी चिकटवला की त्याचं काम झालं, आणि तेही करून देणारी तयार साधनं तेव्हा सर्रास फिरत होती. सहज म्हणून उघडून बघणारा कुलूप पाहून मागे फिरतो. ठरवून आलेला फिरत नाही.

सहज उघडून बघणाऱ्यांत मीही होतो, हे इथे सांगायला हवं. खेळासोबत आलेले मॅप एडिटरमध्ये उघडत. ते उघडून उघडूनच मी ट्रिगर शिकलो. दरवाजा पडण्याआधी कॅमेरा कसा हलवायचा, मेलेला सरदार ठरावीक वेळाने पुन्हा कसा उभा करायचा, हे कुठल्या पुस्तकात मला मिळालं नसतं. कुलूप लावताना आपण याच मुलाला दाराबाहेर ठेवतो, ही जाणीव मला तेव्हाही होती. तरीही मी ते लावलं, आणि तेव्हापुरतं ते बरोबर होतं असं मला वाटतं. मॅप अजून बदलत असतो, चुका सापडत असतात, दर थोड्या दिवसांनी नवी आवृत्ती निघते. अशा काळात चार हातांनी चार पन्हाळे केले तर खेळणाऱ्याला कुठल्याच पन्हाळ्यावर भरवसा उरत नाही.

डोटाचा इतिहास मात्र या कुलपाच्या विरुद्ध साक्ष देतो. मुळात ती कल्पनाच उसनी होती. 'स्टारक्राफ्ट' या आधीच्या खेळासाठी कुणीतरी केलेल्या 'इऑन ऑफ स्ट्राइफ' या मॅपवरून यूल नावाच्या मॅपकर्त्याने 2003 मध्ये वॉरक्राफ्टसाठी डोटा केला. त्यावरून इतरांनी आपापले डोटा केले. त्यांतले निवडक वीर एकत्र करून 'डोटा ऑलस्टार्स' निघाला. तो पुढे स्टीव्ह फीक, म्हणजे गिन्सू, याने वाढवला. 2005 पासून आईसफ्रॉग या टोपणनावाच्या मॅपकर्त्याने तो वर्षानुवर्षं इतक्या बारकाईने तोलला की दुसऱ्या कुणाची प्रत खेळायची इच्छाच उरली नाही. गिन्सूने पुढे 2009 मध्ये आलेल्या 'लीग ऑफ लेजंड्स'वर काम केलं, आईसफ्रॉग वाल्व्ह या कंपनीकडे गेला आणि 2013 मध्ये 'डोटा 2' आला. एकाचं काम दुसऱ्याने उचललं नसतं तर यातलं काहीच घडलं नसतं.

या कथेतली मला सर्वात महत्त्वाची वाटणारी गोष्ट यूलची आहे. 2004 मध्ये त्याने जाहीर करून टाकलं की डोटा आता सगळ्यांचा आहे, माझ्या परवानगीशिवाय कुणीही आपली आवृत्ती काढावी. त्याने मागितलं एवढंच, की श्रेयनामावलीत आपला उल्लेख असावा. पुढे डोटाच्या हक्कांवरून ब्लिझार्ड आणि वाल्व्ह यांनी लिलिथ आणि यूकूल या कंपन्यांवर खटला भरला, तेव्हा हेच निवेदन न्यायालयात आलं. यूलने हक्क सोडलेच होते, असा यूकूलचा युक्तिवाद होता. 2017 मध्ये कॅलिफोर्नियातले न्यायाधीश चार्ल्स ब्रायर यांनी तो सुनावणीआधीच मान्य करायला नकार दिला. एका मुलाने मोकळ्या मनाने लिहिलेल्या काही ओळींवर मोठमोठ्या कंपन्यांचे वकील भांडत होते.

कायद्याचा आधार घेऊ पाहणाऱ्या मॅपकर्त्याच्या हाती तसं थोडंच लागतं. 'ड्यूक न्यूकेम 3डी' या खेळासाठी लोकांनी केलेले 300 मॅप मायक्रो स्टार नावाच्या कंपनीने गोळा करून 'न्यूक इट' या सीडीवर विकले. खेळाची प्रकाशक कंपनी फॉर्मजेन विरुद्ध मायक्रो स्टार हा वाद अमेरिकेच्या अपील न्यायालयात गेला आणि 1998 मध्ये निकाल फॉर्मजेनच्या बाजूने लागला. हे मॅप म्हणजे मूळ खेळाच्याच पुढच्या गोष्टी आहेत, आणि त्या काढायचा हक्क मूळ खेळाच्या मालकाचा, असं न्यायालयाने धरलं. निकाल मला पटतो. पण ज्यांनी ते मॅप केले, ते त्या खटल्यात पक्षकारही नव्हते. 2020 च्या जानेवारीत 'वॉरक्राफ्ट 3 : रिफोर्ज्ड' आला, तेव्हा ब्लिझार्डच्या अटींनी उरलंसुरलंही काढून घेतलं. लोकांनी एडिटरमध्ये केलेले खेळ कंपनीच्या मालकीचे, कर्त्याचे नैतिक हक्कसुद्धा सोडलेले. आपल्याकडच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं 57 वं कलम निराळं सांगतं. कृती विकून टाकली तरी ती आपली आहे असं म्हणायचा कर्त्याचा हक्क राहतो, आणि तिची मोडतोड करून त्याच्या नावाला बट्टा लावला तर आक्षेप घ्यायचाही. मालकी एक आणि नाव दुसरं, हे त्या कलमाने ओळखलं आहे. पन्हाळ्याच्या वेळी मला हवं होतं ते एवढंच होतं.

आपल्या भाषेत भेसळीचा हा प्रश्न फार जुना आहे. ज्ञानेश्वरीच्या प्रती हाताने उतरत गेल्या तसे त्यांत पाठभेद शिरले, मागाहूनच्या ओव्या शिरल्या. शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, एकनाथांनी प्रती ताडून ग्रंथ शुद्ध केला. यापुढे कुणी आपली ओवी यात घालील तर ते अमृताच्या ताटात नारळाची करवंटी ठेवण्यासारखं होईल, अशी ताकीदही शेवटी दिली. ग्रंथ मात्र त्यांनी कुणापासून लपवला नाही. वाचायला, उतरवून घ्यायला, त्यावर टीका लिहायला तो मोकळाच राहिला. त्यांनी फक्त खरी प्रत कुठली ते ठरवून दिलं. आईसफ्रॉगनेही पुष्कळसं हेच केलं. डोटाच्या भेसळीच्या आवृत्त्या फिरतच होत्या, पण खरी प्रत कुठून घ्यायची हे खेळणाऱ्यांना ठाऊक होतं, आणि आवृत्तीचा क्रमांक बघून ते खात्री करून घेत. आमच्या विंगमध्येही कुणी अनोळखी क्रमांकाचा डोटा आणला तर तो कुणी उघडत नसे. माझ्या मते भेसळीवर कुलपापेक्षा ही सवय अधिक गुणकारी ठरली.

कुलपाचं दुसरं अंग 2009 मध्ये दिसलं. जास भाषेत एक जुनी त्रुटी होती. फंक्शनमधल्या फक्त शेवटच्या 'रिटर्न'ची जात तपासली जाई, त्यामुळे एका जातीची गोष्ट दुसऱ्या जातीची म्हणून परत देता येई. मॅपकर्त्यांनी या त्रुटीचा चांगला उपयोग करून घेतला होता. एकेका सैनिकाला आपली माहिती जोडायला तीच वापरत. पण त्याच फटीतून मॅपमार्फत खेळणाऱ्याच्या संगणकावर घातक प्रोग्रॅम चालवता येतो, हे उघड झालं. ब्लिझार्डने 1.24 या पॅचच्या वेळी ती बुजवली आणि बदल्यात त्याच कामासाठी हॅशटेबलची नवी सोय दिली. योग्यच केलं. मात्र जुनी युक्ती वापरणारे असंख्य मॅप त्या दिवसापासून चालेनासे झाले. ज्यांचे कर्ते हजर होते त्यांनी दुरुस्त केले. बरेच कर्ते तोवर नोकरीला लागले होते, खेळ सोडून गेले होते, आणि त्यांच्या मॅपना कुलूप होतं.

माझ्या फार आवडीचा एक मॅप असाच बंद पडला. कर्त्याचा पत्ता नाही, उत्तर नाही. काही काळाने एका अनोळखी माणसाने तो उलगडून दुरुस्त केला. नावं पुसलेल्या त्या कोडमध्ये कुठलं अक्षर कशासाठी हे ओळीओळीने शोधत त्याने ते काम केलं होतं. लोडिंग स्क्रीनवर मूळ कर्त्याचं नाव वर ठेवलं, खाली आपण काय बदललं ते लिहिलं, आवृत्तीचा क्रमांक वेगळा दिला. परवानगी त्याच्याकडेही नव्हती. पन्हाळ्यात सोन्याचा ट्रिगर घालणाऱ्याने आणि याने केलेली कृती वरवर एकच, कुलूप तोडून आत शिरण्याची. तरी पहिल्याला मी गुन्हेगार म्हणेन आणि दुसऱ्याचे आभार मानेन. पहिल्याने आपला बदल माझ्या नावाआड लपवला. दुसऱ्याने आपला बदल उघड सांगून नाव जपलं. कुलपाला या दोघांतला फरक कळत नाही. त्याने दोघांनाही सारखंच अडवलं, आणि जास्त त्रास दिला तो दुसऱ्याला.

आज मुलं वेगळ्या खेळांचे मॅप करतात, साधनं फार पुढे गेली आहेत, पण भीती तीच आहे. कुणी माझा मॅप घेऊन त्यात भलतंच घातलं तर? त्यांना माझं सांगणं असं. मॅप बदलता आहे तोवर खुशाल कुलूप लावा, त्यात कंजूषपणा नाही. पण आवृत्तीचा क्रमांक आणि खरी प्रत मिळण्याचं एकच ठिकाण पहिल्या दिवसापासून जाहीर करा. कुलूप न लावलेली मूळ प्रत, ट्रिगरच्या नावांसकट आणि शेऱ्यांसकट, एका भरवशाच्या सोबत्याकडे ठेवा. मी खेळ सोडला किंवा वर्षभर उत्तर दिलं नाही तर तू हा मॅप पुढे चालव, माझं नाव ठेव आणि तुझं घाल, असं त्याला लेखी देऊन ठेवा. पन्हाळ्याची तशी प्रत मी दोन ज्युनियरांकडे दिली होती. त्यांनी त्यात पुढे विशाळगडापर्यंतची वाट जोडली, आणि त्यांच्या आवृत्तीत तिघांचीही नावं आहेत.