अर्धशक्तीचा विवेक

तंजावूरचे दुसरे सरफोजीराजे ग्रंथसंग्राहक म्हणून मराठी वाचकाला परिचित आहेत; त्यांच्या वैद्यकविषयक कार्याकडे मात्र तितकेसे लक्ष गेलेले नाही. १७९८ ते १८३२ या कारकिर्दीत त्यांनी धन्वंतरी महाल चालविला आणि तेथील नेत्ररुग्णांच्या नोंदी चित्रांसह जतन करविल्या. रुग्णाच्या सांगण्यावर न थांबता पाहणाऱ्याला जे दिसते तेही टिपावे, ही दृष्टी त्या नोंदींमागे आहे.

या महालात जी आयुर्वेदपरंपरा अभ्यासिली गेली, तिच्यात व्यायामाविषयी एक मार्मिक विचार आढळतो. अष्टांगहृदयाच्या मते बलवानानेही अर्ध्या शक्तीनेच व्यायाम करावा. तोही हिवाळ्यात व वसंतात, एरवी त्याहून कमी. व्यायाम करणाऱ्याचा श्वास तोंडावाटे येऊ लागला की अर्धे बळ सरले असे समजावे, असे सुश्रुत सांगतो. हे लक्षण बाहेरून दिसणारे आहे. कर्त्याला ते जाणवेलच असे नाही. पाहणाऱ्याला मात्र ते दिसते.

आधुनिक क्रीडाधर्म याच्या उलट सर्वस्व मागतो. त्याचे उग्र रूप अमेरिकन फुटबॉलमध्ये दिसते. शिरस्त्राण व जाड कवच घातलेले धिप्पाड खेळाडू ऐन उन्हाळ्यात सरावाला उतरतात. ३१ जुलै २००१ रोजी मिनेसोटा वायकिंग्ज संघाचा कोरी स्ट्रिंगर सरावानंतर कोसळला आणि दुसऱ्या दिवशी उष्माघाताने मरण पावला, वय २७. आदल्या दिवशीही उन्हाने त्याला सराव सोडावा लागला होता. तरीही तो मैदानात परतला होता. २०१८ मध्ये मेरिलँड विद्यापीठाचा १९ वर्षांचा जॉर्डन मॅकनेअर असाच गेला. त्याला वेळीच थंड पाण्यात बुडविले गेले नव्हते. पुढे विद्यापीठाने त्या चुकांची कायदेशीर आणि नैतिक जबाबदारी स्वीकारली.

हा प्रश्न परदेशापुरता नाही. जून २०१४ मध्ये मुंबईच्या पोलीसभरतीत पाच किलोमीटर धावण्याच्या चाचणीत उमेदवार कोसळले. किमान चौघे दगावले. त्यानंतर ते अंतर कमी करण्यात आले.

अशा प्रसंगी एक युक्तिवाद हमखास पुढे येतो : त्यांना कोणी बळजबरी केली नव्हती, ते स्वेच्छेने धावले. तो सहज झटकून टाकता येत नाही. कष्टावाचून उत्कर्ष नाही, आणि प्रौढ माणसाचा कष्ट करण्याचा अधिकार हिरावून घेणे हाही एक प्रकारचा अन्यायच होय.

परंतु उष्माघाताचे स्वरूप या युक्तिवादाचा पायाच काढून घेते. शरीराचे आंतरिक तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर गेले की मेंदूचे कार्य बिघडते. माणूस गोंधळतो, असंबद्ध बोलतो. ज्या विवेकाने ‘आता पुरे’ म्हणायचे, तोच आधी ढळतो. म्हणजे प्रारंभीची संमती खरी असली, तरी जिच्या बळावर ती मागे घेता यावी ती शक्ती वाटेतच हरपते. जी मागे घेता येत नाही, ती संमती कसली? शिवाय थांबणे म्हणजे नोकरीची संधी गमावणे, असे ज्याच्या बाबतीत असते त्याचे स्वातंत्र्य धावण्यापूर्वीच आक्रसलेले असते.

म्हणून थांबविण्याचे कर्तव्य पाहणाऱ्याकडे येते. तालमीतल्या वस्तादाचे मोठेपण डाव शिकविण्यात आहे तितकेच पठ्ठ्याची धाप ओळखण्यात आहे. त्याच्या नजरेला आज साधनांची जोड मिळाली आहे. तंजावूरसारख्या कावेरीच्या खोऱ्यातील दमट हवेत घाम गळतो, पण वाळत नाही. आणि न वाळणारा घाम शरीर थंड करीत नाही. तेथे केवळ तापमापक पुरत नाही. आर्द्रता, ऊन व हवेची उष्णता एकत्र मोजणारा निर्देशांक १९५० च्या दशकात अमेरिकी सैनिकांच्या प्रशिक्षणासाठी सिद्ध झाला. कोसळलेल्याला आधी थंड पाण्यात बुडवून गार करावे, मग रुग्णालयात न्यावे, हा नियमही आता प्रस्थापित आहे.

ज्ञान असे हाताशी असताना मृत्यूला दैव म्हणणे ही पळवाट ठरते. धावणाऱ्याने आपले सर्वस्व द्यावे की अर्धे, हा निर्णय त्याचा असू शकेल. ते अर्धे केव्हा सरले हे ओळखण्याचे दायित्व मात्र ज्याच्या हाती घड्याळ आहे त्याचे आहे.