लिंबोणीखालचा खड्डा

आमच्या अंगणात एक लिंबोणी आहे, आजीनं तिच्या शेवटच्या पावसाळ्यात लावलेली. आणि एक टिप्या आहे. त्याला कुणी आणलं नाही; आला आणि राहिला. वसमतजवळच्या आमच्या गावी मी मे महिन्यात घरून काम करत होतो, तेव्हा टिप्या रोज दुपारी लिंबोणीच्या बुंध्याशी उकरायचा. लिंबोणीची अन्नपाणी शोषणारी बारीक मुळं मातीच्या वरच्याच थरात असतात. तीच तुटत होती. पानं पिवळी पडायला लागली.

आधी ओरडून पाहिलं. मग मोबाइलवर शोधून बुंध्याभोवती तिखट टाकलं. उपाय लागू पडला. टिप्या रात्रभर शिंकत, नाक पंजांवर घासत, ओट्याखाली कण्हत राहिला. आई म्हणाली, "अरे, त्याला कळत नाही. तुला तर कळतंय ना?" आणि आत निघून गेली.

काय कळत होतं मला? 'कुत्र्याची खोड कशी मोडायची' हे मी शोधलं होतं. 'कुत्रा का उकरतो' हे नाही. कामावर प्रोग्राम बिघडला तर आधी कारण शोधायची मला सवय आहे. इथे थेट शिक्षा. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकतो, गार जमिनीला पोट टेकवतो. त्या उन्हात अख्ख्या अंगणात एकच जागा ओली होती, आणि ती ओली मीच केली होती, रोज सकाळी दोन बादल्या ओतून. मीच गारवा तयार केला आणि त्याच्याकडे गेल्याबद्दल त्याच्या नाकात तिखट घातलं.

नर्सी आमच्याच जिल्ह्यात. संत नामदेवांचं जन्मगाव मानतात ते. कुत्र्यानं पोळी पळवली तेव्हा नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही गोष्ट इथे सगळ्यांनी लहानपणीच ऐकलेली असते. त्या रात्री ती आठवली आणि खरं सांगायचं तर थोडा रागच आला. पोळी परत लाटता येते. कुत्र्यानं जिवंत झाड उकरायला घेतलं असतं तर? १९७६ साली राज्यघटनेत मूलभूत कर्तव्यं आली. त्यातल्या एकाच कर्तव्यात निसर्गाचं रक्षण आणि प्राणिमात्रांवर दया, दोन्ही आहेत. दोघांचं भांडण लागलं तर आधी कोण, हे तिथेही लिहिलेलं नाही.

मला जास्त टोचलं ते वेगळंच. लिंबोणी कण्हत नाही. ती कण्हली असती तर मी कदाचित टिप्याला बांधून घातलं असतं आणि शांत झोपलो असतो. माझी दया ज्याला डोळे आहेत त्याच्याकडे जाते. आजीचं झाड म्हणून जे वाटत होतं, तेही बरंचसं आजीबद्दलच होतं. झाडाबद्दल किती, कोण जाणे.

सकाळी तिखटाची माती खरवडून लांब टाकली. बुंध्याला टेकणार नाहीत असे, पण मुळं झाकतील असे चपटे दगड मांडले. मग गोठ्याच्या सावलीला टिप्यासाठी एक खड्डा खणून भिजवला. तीन दिवस तो दगडांवरच नखं घासत होता. चौथ्या दिवशी खड्ड्यात जाऊन पडला.

पाणी मात्र वाढलेलं नाही. दोन बादल्यांतली एक आता तिकडे जाते. लिंबोणीला यंदा फुलं कमी आहेत. आई रोज बघते, अजून काही बोललेली नाही.