जागच्या जागी सायकल

मागचे चाक काढायचे, सायकल ‘स्मार्ट ट्रेनर’ नावाच्या यंत्राला जोडायची आणि घरात बसून पडद्यावरचा घाट चढायचा. पडद्यावर चढ आला की यंत्र पायडल जड करते. पायांनी किती वॅट शक्ती लावली तेही दाखवते. घाम खरा, दम खरा. सायकल मात्र जागची हलत नाही. पहिले काही दिवस उत्साह टिकतो. मग मन विचारू लागते : कुठेच पोहोचायचे नाही, तर पाय कशाला मारायचे?

हा प्रश्न आपण हसण्यावारी नेऊ नये. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलने कृतींमध्ये एक भेद केला आहे. घर बांधण्याचे फळ कृतीच्या बाहेर असते. घर उभे राहिले की काम संपते. पाहणे किंवा विचार करणे मात्र करता करताच पूर्ण असते. आपण घरातल्या सायकलीला पहिल्या मापाने मोजतो आणि गाव येत नाही म्हणून हिरमुसतो.

मग गावाऐवजी आपण आकडा धरतो. २०१९ साली ब्रिटनच्या पहिल्या राष्ट्रीय ई-सायकल स्पर्धेतील विजेत्याचे पद काढून घेण्यात आले. खेळातली वेगवान सायकल मिळवण्यासाठी लागणारी मजल त्याने स्वतः पायडल न मारता संगणकाकरवी गाठली होती. आकडा हेच ध्येय झाले की पायडल मारणे ही अडचण वाटू लागते.

याउलट ऑस्ट्रेलियाचा मॅथ्यू हेमन पाहा. फेब्रुवारी २०१६ मध्ये शर्यतीत पडून त्याचा हात मोडला. त्याने गॅरेजमध्ये ट्रेनरवर सराव चालू ठेवला. पॅरिस-रुबे शर्यतीत उतरता येईल याची खात्री नव्हती. तो उतरला आणि १० एप्रिलला, ३७ वर्षांचा असताना, जिंकला. तो हरला असता, तर गॅरेजमधले ते तास वाया गेले असते का? आम्हाला तसे वाटत नाही. त्या तासांनी माणूस घडत होता.

वीणा वाजवूनच वादक घडतो, असेही ॲरिस्टॉटल सांगतो. इच्छा झाल्यावर बसू, असे म्हणणारा बसतच नाही. बसणाऱ्याला इच्छा मागाहून भेटते. मात्र प्रत्येक थकव्याला आळस म्हणू नये. घरात वारा लागत नाही, अंग लवकर तापते. समोर पंखा ठेवावा. वेळ थोडा, पण ठरलेला असावा.

उद्या उत्साह असेल का, हे आज कळणार नाही. किती वाजता बसायचे, एवढे आपण आज नक्की ठरवू शकतो.