वाटणीत न येणारी गोष्ट

शेताच्या बांधावरून होणारे तंटे आपणांस नवे नाहीत. एकजण दरसाल नांगराच्या फाळाने बांध थोडाथोडा कोरतो आणि काही वर्षांनी दोन घराण्यांचे बोलणे बंद होते. पनवेल तालुक्यात तळोजा व आसपासच्या गावांत आता शेते थोडीच राहिली. परंतु बांधाचा तंटा काही गेला नाही. त्याने केवळ रूप पालटले. आता तो भूखंडाच्या नकाशावरून व कुंपणाच्या भिंतीवरून चालतो. तेव्हा भूमीची वाटणी होत असता मनुष्य आपल्या शेजाऱ्याचे काय देणे लागतो, याचा विचार करणे अगत्याचे आहे.

हे तंटे निव्वळ लोभातून निघतात, असे म्हणणे अन्यायाचे होईल. 1970 साली सिडको स्थापन झाली व नव्या मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील 95 गावांच्या जमिनी संपादनात आल्या. योग्य मोबदल्यासाठी जानेवारी 1984 मध्ये उरण तालुक्यात आंदोलन झाले, त्यात गोळीबाराने पाचजणांचे प्राण गेले. पुढे 1990 साली संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. त्यातूनही सार्वजनिक सोयींसाठी तीस टक्के भाग वजा होतो. म्हणजे हाती पावणेनऊ टक्के. एकरास हिशेब केला तर साडेतीन गुंठे! त्यावर चार भाऊ, बहिणी व त्यांची लेकरे इतक्यांचा वारसा. पात्र लहान आणि जेवणारे पुष्कळ, अशी ही स्थिती आहे.

कायद्याने काही मर्यादा घातल्या आहेत. शेतजमिनीचे वाटेल तसे लहान तुकडे पडू नयेत म्हणून 1947 चा तुकडेबंदीचा कायदा झाला. कोणती जमीन शेतीची व कोणती वस्तीची, हे 1966 च्या नगररचना कायद्याखालील आराखडा ठरवितो. मंजूर आराखड्यात फेरबदल करावयाचा असल्यास कलम 37 प्रमाणे नोटीस प्रसिद्ध करून एक महिन्याच्या आत कोणाचीही हरकत मागवावी लागते. ही व्यवस्था चांगलीच आहे. परंतु कोणाचे किती, एवढे कायदा सांगेल; वाटणी झाल्यावर शेजारी म्हणून कसे राहावे, हे तो शिकवीत नाही.

कारण भूमी वाटता येते, परंतु वाट, पाणी व उजेड यांची वाटणी होत नाही. पावसाचे पाणी सातबारा पाहून वाहत नसते. एकाने सखल भूखंडावर मातीचा भराव टाकून आपले अंगण कोरडे केले, तर तेच पाणी शेजाऱ्याच्या चुलीपर्यंत जाते. एकाने तुकडे पाडून विकताना मधली वाट अरुंद ठेवली, तर पुढे आजाऱ्यास खाटेवर घालून हमरस्त्यापर्यंत न्यावे लागते. असे करणारा कदाचित कायद्याने निर्दोष ठरेल. शेजारधर्माने ठरणार नाही.

हरकत घेणाऱ्यानेही आपले अंतःकरण तपासावे. ज्याचे घर काल झाले, तोच आज दुसऱ्याच्या घरास आडवा येतो, असे कित्येकदा घडते. त्याने स्वतःस विचारावे: हा भूखंड माझा असता, तरी मी हीच हरकत घेतली असती काय? उत्तर होय असेल, तर ती मुदतीत, उघडपणे व लेखी द्यावी. समोरचा आप्त आहे म्हणून गप्प बसू नये. परंतु पैसे घेऊन जी हरकत मागे घेतली जाते, ती वाटेसाठी कधी नव्हतीच. ती किमतीसाठी होती.

यावर कोणी म्हणेल, "मी तीन फूट सोडले आणि शेजाऱ्याने सोडले नाहीत, तर मूर्ख मीच ठरेन." ही शंका खरी आहे. साडेतीन गुंठ्यांतून तीन फूट सोडणे गरिबास जड जाते. म्हणूनच हा भार एकट्याच्या भलेपणावर टाकू नये. नकाशा काढण्यापूर्वी सर्वांनी एकत्र बसावे. ज्याचा वाटा मोठा त्याने अधिक सोडावे. ठरेल ते लिहून त्याची रीतसर नोंद करावी. बांध कोरणाऱ्यास जमीन थोडी अधिक मिळते खरी. परंतु रात्री घरात साप निघाला, तर हाक मारावयास शेजारी राहत नाही.